काळी, पांढरी आणि पुढचा शॉकअप

"काका, हिला एकवीस गिअर हायत. डबल डिस्क हाय. म्होरं शॉकअप हाय. आनि काय पायजे?"

पुतण्याच्या या प्रश्नाला मला दुकानात उत्तर देता आलं नाही. सायकल दिसायला झकास होती. हँडलवरचा पुठ्ठा अजून काढलेला नव्हता, टायरवरच्या रबराच्या मिशाही शाबूत होत्या. मी एवढंच विचारलं, "ही घेऊन जाणार कुठं?" तो म्हणाला, "कुठं म्हंजी? शेतात. जुन्या गावाकडं." मग म्हटलं, आधी तो रस्ता बघून येऊ, सायकल पळून जात नाही. दुकानदाराचा चेहरा उतरला, पुतण्याचा त्याहून जास्त.

हे प्रकरण त्या रस्त्यापासून सुरू करतो, कारण सायकल पारखायची ती कॅटलॉगवरून नव्हे, जमिनीवरून. आणि किल्लारीची जमीन पारखायला फार चांगली.

आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. पिढ्यान्‌पिढ्या ही जोडी एकमेकींना चिकटून असते. घराबाहेर पडलं की शेत. औसा तालुक्यातल्या किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि ही जोडी फुटली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून आलेली माणसं गाढ झोपेत होती आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती त्यांच्यावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं हलली, शेतं कशी हलणार? ती तेरणेच्या काठी होती तिथेच राहिली. तेव्हापासून इथला माणूस नव्या गावातून जुन्या गावाच्या शिवारात रोज जातो-येतो. कुणी मोटारसायकलवर, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि शाळकरी पोरं सायकलवर.

पुण्या-मुंबईकडचे लोक ज्याला ट्रेल म्हणून हौसेनं शोधत फिरतात, ते इथे रोजच्या वापरात आहे. नव्या गावाचा सिमेंटचा रस्ता, मग थोडं डांबर, मग पाणंद. पाणंदीत ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा. पुढे माळ, तिथे सुटा मुरूम. मग ओढा. शेवटी जुनी पांढरी, जिथे भिंतींचे दगड अजून गवतात दडलेले असतात आणि चाकाला अचानक भेटतात. काही किलोमीटरांत चार प्रकारची जमीन.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत 617 मीटर खोल भोक पाडून पाहिलं. वरचे 338 मीटर सगळा काळा खडक, बेसॉल्ट. त्याच्या खाली गाळाचा पातळसा थर आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन पाया. सायकलला त्यातल्या वरच्या वीतभर जमिनीशीच काम, पण ती वीतभर काळी त्या खडकाचीच झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते. पावसात ती चाकाला धरते, उन्हाळ्यात चाकोरीची कडा सिमेंटसारखी टणक होते. दोन्ही वेळा मार सायकललाच.

आता थोडं नावाबद्दल. पुढे शॉकअप आणि मागे सरळ कडक सांगाडा, तिला हार्डटेल म्हणतात. मागेही शॉकअप असलेल्या सायकली वेगळ्या. या प्रकरणात स्वस्त म्हणजे साधारण पंधरा ते तीस हजारांत बसणारी. त्याच्या खालीही 'एमटीबी' लिहिलेल्या भरपूर सायकली मिळतात. त्यांच्या माहितीपुस्तिकेत मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं की ही सायकल डोंगरवाटेसाठी नाही. ते वाचायचं एक सोपं साधन आहे. अमेरिकेच्या एएसटीएम एफ 2043 या मानकात सायकलींचे वापरानुसार वर्ग पाडले आहेत आणि बऱ्याच कंपन्या तो आकडा सांगाड्यावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत देतात. वर्ग 1 म्हणजे फक्त पक्का रस्ता. वर्ग 2 म्हणजे कच्चे रस्ते, फार तर 15 सेंटिमीटरची उडी. वर्ग 3 म्हणजे खडबडीत पायवाट आणि 61 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीवरून उतरणं. पाणंदीला वर्ग 2 चालून जाईल. माळ, ओढा आणि पांढरीचे दगड रोजचे असतील तर 3 बघा. आकडाच कुठे लिहिला नसेल तर त्यातही एक उत्तर आहे.

पहिली गोष्ट टायर. मी एका ओळखीच्याची हार्डटेल दोन दिवसांसाठी मागून आणली आणि पुतण्याला पुढे घालून त्याच वाटेनं गेलो. जुन्या गावापर्यंत हवा टिकली. परतताना मागचं चाक बसलं. पाणंदीच्या कडेला सायकल उलटी करून दोन्ही टायर हातानं चाचपले तर पुढच्यात सात काटे आणि मागच्यात अकरा. दोन वेड्या बाभळीचे, बाकी सगळे सराटे.

सराट्याची रचना बघण्यासारखी असते. वाळलेलं फळ फुटून पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे, शिवाय बारीक. तो जमिनीवर कसाही पडला तरी एक काटा वर. आपल्याला वाटतं ही मराठवाड्याचीच पीडा. पण हाच सराटा अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातही पोचला आहे. तिथे त्याला बोकडाच्या तोंडावरून 'गोटहेड' म्हणतात, कारण तुकडा दिसतो तसाच, दोन शिंगांचा. आयडाहोतल्या बॉइसी शहरात 2018 मध्ये सायकलवाल्यांनी त्याच्या नावानं उत्सवच सुरू केला. लोक पोत्यांनी सराटे उपटून आणतात. किल्लारीत असा उत्सव सुरू केला तर पोती कमी पडतील.

यावर उपाय टायरच्या जाडीत अर्धाच आहे. महागड्या सायकलींना ट्यूबच नसते, टायरमध्ये रबरी चीक भरलेला असतो आणि काटा निघाला की भोक तोच बुजवतो. स्वस्त सायकलचं रिम बहुधा त्यासाठी बनवलेलं नसतं. पण तोच चीक ट्यूबमध्ये भरता येतो, आणि इथे व्हॉल्व्ह उपयोगी पडतो. जुन्या काळ्या सायकलीला वॉलट्यूबवाला व्हॉल्व्ह असायचा. या सायकलींना बहुधा मोटारसायकलचाच व्हॉल्व्ह असतो. आतली पिन चावीनं काढायची, चीक ओतायचा, पिन लावायची. हवाही स्टँडवरच्या कुठल्याही मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे भरता येते. फक्त त्याला हात आवरायला सांगा. 2.1 इंची टायरला साठ-पासष्ट किलोच्या माणसाला पाणंदीत 28 ते 35 पीएसआय पुरे. तो सवयीनं दगडासारखं टणक करून देतो आणि मग आपण शॉकअपला शिव्या घालत बसतो. आमच्याकडच्या उन्हात चीक लवकर वाळतो, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावा लागतो, हेही धरून चाला.

काळीसाठी दुसरी तपासणी बोटांची. मागचं टायर आणि सांगाड्याच्या दोन्ही दांड्या यांच्यात आपलं बोट सहज जातं का? जात नसेल तर पहिल्याच पावसात तिथे चिखलाचा गोळा होऊन चाक थांबेल. टायरचे गठ्ठे विरळ आणि उंच हवेत, दाटीवाटीचे नकोत. रिमवर पकडणारे ब्रेक याच कारणासाठी काळीत निकामी होतात, आणि डिस्क ब्रेकचा खरा फायदा इथे हाच आहे. वेगाचा प्रश्न नाही, चिखलाचा आहे.

डिस्क दोन प्रकारची, वायरवाली आणि तेलावर चालणारी. तेलावरची चांगली, दोन्ही बाजूंचे पॅड सारखे दाबते. स्वस्तातल्या वायरवालीत बहुधा एकच पॅड हलतो, तो डिस्कला वाकवून दुसऱ्या स्थिर पॅडवर नेऊन दाबतो. म्हणून तो स्थिर पॅड झिजेल तसा आत सरकवावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस वायरच ताणत बसतो आणि ब्रेक लागत नाही म्हणतो. तरीही किल्लारीसाठी माझी पसंती वायरवालीला. ब्रेकवायर कुठेही मिळते. तेलात हवा शिरली तर ती काढणारा मिस्त्री गाठायला लातूर गाठावं लागण्याची शक्यता जास्त.

आता शॉकअप. दुकानात सगळे त्यालाच दाबून बघतात आणि तोच सगळ्यात फसवा. चांगल्या शॉकअपमध्ये दोन कामं होतात. स्प्रिंग किंवा हवा धक्का घेते, आणि तेलातला दट्ट्या ती ताकद उष्णतेत जिरवतो. स्वस्त शॉकअपमध्ये पहिलं काम होतं, दुसरं जवळजवळ नाही. म्हणजे खड्ड्यात घेतलेला धक्का तो ठेवून घेत नाही, लगेच परत करतो. सुट्या मुरमावर उतारानं येताना पुढचं चाक सारखं उसळतं ते यामुळे. वजन वेगळंच. लोखंडी स्प्रिंगचा शॉकअप अडीच किलोच्या घरात असतो. साधा कडक चिमटा सव्वा किलोच्या आत. बिनकामाचा शॉकअप म्हणजे किलोभर लोखंड आपण पांढरीपर्यंत नेतो आणि परत आणतो.

दुकानातच दोन गोष्टी करून बघा. सायकलवर बसा, हँडलवर भार टाकून झटक्यात सोडा. पुढचा भाग वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीनदा डोलला तर आत फक्त स्प्रिंग आहे. मग खाली उतरून पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी खटखट लागली तर कटोरीचा नट ढिला आहे, तो पाच मिनिटांत आवळता येतो. खटखट शॉकअपच्या दोन नळ्यांच्या सांध्यात लागली तर ती नव्या सायकललाही जाणार नाही, वाढत जाईल. आणखी एक अडचण वजनाची. स्प्रिंग एकाच माणसाच्या मापाची असते. पंचेचाळीस किलोच्या पोराला ती हलतच नाही, आणि शॉकअपचा फायदा त्याला शून्य. बसल्या बसल्या शॉकअप पाचव्या हिश्शाएवढा तरी खाली यायला हवा. हवेवरच्या शॉकअपला पंपानं वजनाप्रमाणे लावता येतं, पण तो या किमतीत क्वचितच मिळतो.

म्हणून मला प्रामाणिकपणे वाटतं की वीस हजारांच्या आत कडक चिमट्याची आणि जाड टायरची सायकल मिळाली तर ती घ्यावी. पोरं ऐकत नाहीत. शॉकअप नसलेली सायकल त्यांना आजोबांची वाटते.

आजोबांच्या सायकलीचं मात्र मला कौतुक आहे. गावोगाव दुधाच्या किटल्या वाहणारी ती काळी सायकल इंग्रजी रोडस्टरच्या घाटावर बनलेली. तिचं रिम 635 मिलिमीटरचं, आजच्या 29 इंची डोंगरी सायकलच्या 622 च्या रिमपेक्षाही मोठं. तिचा पुढचा चिमटा ऐसपैस तिरपा, दोन चाकांमधलं अंतर लांब, त्यामुळे खड्ड्यात हँडल हातातून निसटत नाही. डोंगरी सायकली बनवणारे गेली काही वर्षं तोच तिरपा कोन आणि तीच लांबी परत आणत आहेत, आणि त्याची जाहिरात करत आहेत. मुळात डोंगरी सायकल जन्मलीच जुन्या जड सायकलींतून. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1970 च्या दशकात काही तरुण 1930-40 च्या काळातल्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून सुटत. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरांत सुमारे 400 मीटर उतार. पायडल उलट दाबून लावायच्या ब्रेकमधलं ग्रीस उष्णतेनं जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब खोलून ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. शॉकअप या सायकलींना बाजारातून मिळू लागला तो त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी. तोवर सगळे कडक चिमट्यावरच उतरत होते.

मागच्या चाकाकडे दुकानात कुणी वाकूनही पाहत नाही, आणि पैसे तिथेच वाचतात किंवा बुडतात. ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी मी दोन्हीकडे शॉकअप असलेली एक चकचकीत सायकल घेतली होती. मागचा शॉकअप पायडल मारताना माझीच ताकद खायचा, चढावर बैलगाडीसारखी डुलायची. वर्षाच्या आत मागचा एक्सल वाकला. ज्या मिस्त्रीनं तो बदलला त्यानं कारण दाखवलं, ते तेव्हापासून विसरलो नाही.

गिअरच्या दातेरी चकत्या मागच्या चाकाला दोन पद्धतींनी बसतात. जुनी पद्धत फ्रीव्हीलची. अख्खा गठ्ठा हबवर आट्यांनी फिरवून घट्ट करतात. यात उजव्या बाजूचे छर्रे आत हबमध्ये राहतात आणि त्यांच्या बाहेर एक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय लोंबतो. वर आपलं वजन, खाली चाकोरीची कडा. एक्सल वाकतो किंवा मोडतो. दुसरी पद्धत कॅसेटची. तीत छर्रे बाहेरच्या टोकाजवळ असतात, एक्सलला आधार मिळतो. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, पण ओळखायची युक्ती सोपी आहे. पाना बसायची खाचांची गोल जागा चकत्यांच्या मधोमध दिसते. तिच्याकडे बघत चकत्या उलट फिरवा. खाचाही चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि खाचा जागीच राहिल्या तर फ्रीव्हील. पुतण्याच्या त्या एकवीस गिअरवालीचं पाहिलं. खाचा जागीच.

गिअरच्या संख्येत फार अडकू नये. पुढे तीन आणि मागे सात म्हणजे एकवीस खरे, पण त्यातले कितीतरी एकमेकांवर बसतात. पाहायचा तो सगळ्यात हलका गिअर. पुढची लहान चकती 24 दातांची, मागची मोठी 28 ची आणि चाक साडेसत्तावीस इंची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 1 मीटर 86 सेंटिमीटर पुढे जाते. मागे 34 दात असतील तर दीड मीटर. ओढ्यातून वर चढताना उतरून ढकलायचं की बसून चढायचं, हे त्या फुटभर फरकावर ठरतं. त्याच 24 आणि 28 दातांच्या जोडीला 29 इंची चाक लावलं तर गिअर पुन्हा जड होतो, जवळपास दोन मीटर. दुकानदार चाक मोठं म्हणून सांगतो, दात मोजून दाखवत नाही.

सांगाड्याबद्दल एकच. पोरगं वाढणार म्हणून एक माप मोठी घेऊ नका. शाळेचा शर्ट नाही तो. दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिल्यावर दांडी आणि आपल्या मधे दोन-तीन बोटं तरी मोकळी हवीत. पांढरीच्या दगडांत अचानक उतरावं लागतं तेव्हा ती बोटं कामी येतात.

पुतण्यानं शेवटी दुसरीच घेतली. साडेसत्तावीस इंची, मागे आठ चकत्यांची कॅसेट, वायरवाली डिस्क. काही हजार जास्त गेले. शॉकअप तिचाही साधाच आहे आणि डोलतोही, ते त्याला मी अजून बोलून दाखवलेलं नाही. पहिल्या महिन्यात तीन पंक्चर झाले, मग चीक भरला. महिन्याभरानं मागचं चाक आउट झालं. नवीन चाकाच्या तारा बसताना ढिल्या पडतातच, म्हणून पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर मिस्त्रीकडून आउट काढून घ्यावाच. त्याचे पैसे सायकलीच्या किमतीतच धरावेत, आणि दोन जादा ट्यूबचेही.

सायकल घ्यायची तर मागून आणलेल्या सायकलीवर निदान एकदा तरी आपल्या रोजच्या वाटेनं जाऊन या, आणि ते दिवाळीनंतर करा. तोवर पाणंद वाळून चाकोऱ्या टणक होतात आणि सराटेही पिकलेले असतात.